घाम वाळायच्या आत

विजयसिंहाला लोकांच्या डोक्यावरची हेल्मेटं उतरवून घ्यायचा नाद लागला तेव्हा तो तिशी ओलांडून गेला होता. तोवर त्यानं लोकांचे फक्त दात उतरवले होते.

असं त्याची थोरली बहीणच म्हणायची, आणि म्हणताना हसायची नाही. तिचं नाव धोंडुबाई, पण शाहूपुरीतल्या त्या घरात तिला सगळे आक्का म्हणायचे. खालच्या दुकानातला हमालसुद्धा आक्काच म्हणायचा. नवरा लवकर गेला आणि ती भावाच्या घरी परत आली. मग भावाची बायको काविळीनं गेली आणि मागं रांगता राजवीर राहिला. त्याला आक्कानं वाढवलं. बाई आडव्या हाडाची, आवाजाची मोठी. गोठ्यातल्या म्हशीनं लाथ उगारली तर आक्का तिच्याही मुस्काटात द्यायची, आणि म्हैस ऐकायची.

त्या घराला मारामारी नवी नव्हती. वडील तालमीचे वस्ताद. त्यांच्या तालमीची एक रीत होती. कुस्ती मारलेल्या पैलवानाला फेटा बांधायचा तो आखाड्यातच, अंगावरची माती झडायच्या आत, आणि वस्तादानं स्वतःच्या हातानं. एकदा एक पुढारी हौसेनं फेटा घेऊन पुढं आला, तर वस्तादानं त्याला पांढऱ्या कपड्यानिशी तांबड्या मातीत लोळवला होता. विजयसिंहाची कुस्ती गुडघ्यापायी बंद पडली. तो गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात शिरला, धंद्यातनं मोटारींच्या शर्यतींच्या मागं लागला, आणि बापाची रीत त्यानं उलटी करून घेतली. बाप जिंकणाऱ्याच्या डोक्यावर घालायचा, हा जिंकणाऱ्याच्या डोक्यावरचं काढायचा.

शर्यत संपून गाडी थांबली रे थांबली की विजयसिंह कुंपणाच्या तारेवरनं उडी टाकून आत. चॅम्पियनच्या डोक्यावरनं हेल्मेट उतरवायचं ते त्यानंच, दोन्ही हातांनी, घाम वाळायच्या आत. दुसऱ्यानं काढून आणून दिलेलं त्याला चालत नसे. “ते मेलेलं असतंय,” तो म्हणायचा. “गरम हातात आलं पायजे. चुलीवरच्या भाकरीवानी.”

वरच्या मजल्यावरची एक खोली त्यानं त्यासाठीच केली होती. काचेची कपाटं, आत दिवे, आणि ओळीनं हेल्मेटं. एक मुंबईच्या पोराचं, एक कोईमतूरच्या, दोन तर परदेशातनं इथं येऊन जिंकून गेलेल्या पोरांची. एकही धुतलेलं नाही. काचेवर चिकटलेले किडे, टायरच्या रबराचे काळे ओरखडे, आतल्या अस्तराला घामाचे पिवळे डाग, एकाच्या अस्तरात नाकातनं आलेलं रक्त वाळून कडक झालेलं. आक्कानं एका शनिवारी झाडलोट करताना त्यातल्या एकाची काच ओल्या फडक्यानं पुसली. विजयसिंहानं हातातला पितळी तांब्या तिच्यावर फेकला. तिच्या भुवईवर खोक पडली. तिनं तांब्या उचलला आणि तितक्याच जोरानं परत हाणला. रात्री दोघं भुवयांना हळद लावून समोरासमोर जेवायला बसले.

“आमटी वाढ,” तो म्हणाला.

तिनं वाढली. पण त्यानंतर ती त्या खोलीत गेली नाही. “आत मुंडकी ठेवल्यावानी दिसतंय,” ती शेजारणीला म्हणाली.

पुष्कळ पोरं हेल्मेट खुशीनं द्यायची, हे खरं. विजयसिंह त्यांना मिठी मारायचा, घरी आणायचा, आक्काच्या हातचा तांबडा-पांढरा रस्सा पाजायचा. मागतील ते द्यायचा. पण नको म्हणणाऱ्याचं काय करायचं, तेही तो तालमीतच शिकून आला होता.

मागच्या वर्षी कागलच्या जोतीरामचा पोरगा श्रेयस चॅम्पियन झाला. त्याच्या आईनं ते हेल्मेट देवापुढं ठेवायचं बोलून ठेवलं होतं. जोतीरामनं हात जोडून सांगितलं, “पावणं, दुसरं कायबी मागा. ह्ये घरात जाणार हाय.” विजयसिंहानं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि सरळ जाऊन श्रेयसचं डोकं काखेत दाबून हेल्मेट ओढून काढलं. पोराचा कान फाटला. जोतीराम धावला, त्याच्या पोटात गुडघा बसला. चौघांनी मिळून दोघांना वेगळं केलं, तरी हेल्मेट विजयसिंहाच्याच हातात राहिलं. ते शाहूपुरीला आलं. फाटलेल्या कानाचं रक्त त्याच्या पट्ट्यावर होतं आणि विजयसिंह तेही पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचा. जोतीराम दोनदा दारात येऊन गेला. दुसऱ्यांदा दुकानाची काच फुटली आणि जोतीरामची दोन बोटं मोडली. पोलिसात दोघंही गेले नाहीत. दोघांनाही त्यात कमीपणा वाटत होता.

आणि या वर्षी राजवीर त्या जागेपाशी येऊन पोचला. शेवटची शर्यत हातकणंगल्याच्या पुढं माळावरच्या ट्रॅकवर होती. हिशेब अगदी सोपा होता: राजवीर आणि श्रेयस या दोघांत जो पुढं राहील तो देशाचा चॅम्पियन.

त्या दिवशी सकाळी राजवीर स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकला. आक्का थालीपीठ थापत होती.

“आत्या, एक सांगू? वरडू नको.”

“वरडण्यासारखं असंल तर वरडणार की.”

“आज मला कुटं लागलं, गाडी उलटली, तर माझं हेल्मेट कुणाला काढू दिऊ नको.”

आक्काचा हात थापता थापता थांबला. “सकाळच्या पारी काय अभद्र बोलतोस रं?”

“आईक तर. मान मोडली असंल आन् हेल्मेट वढलं, तर माणूस तिथंच संपतोय. न्हायतर जन्मभर पडून. डॉक्टरच काढत्यात ते. एकजण मान धरतोय, दुसरा हळूच काढतोय. तवर हात लावायचा न्हाय.”

“मग मला कशाला सांगतोस? मी काय डॉक्टर हाय? तुझ्या बापाला सांग.”

“आबांना ठावं हाय. माझ्यापरास जास्त ठावं हाय.” राजवीर हसला. “पण त्यांचा हात त्यांचं आईकतोय व्हय?”

आक्कानं थालीपीठ तव्यावर टाकलं, बोटांनी भोकं पाडली, तेल सोडलं. मग म्हणाली, “न्हाय काढू देत. खा आता.”

तो खाऊन गेला. आक्कानं त्या दिवशी गोठ्याचं काम गड्यावर सोपवलं आणि जी कधी शर्यतीला जात नसे ती गाडीत जाऊन बसली. विजयसिंहाला वाटलं, भाच्याचा पराक्रम बघायला निघाली. त्याला भारी आनंद झाला. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी अडकली तरी त्यानं कुणाला शिवी घातली नाही. “आक्का, वर मधलं कपाट रिकामं करून ठेवलंय,” तो म्हणाला. “इतकी वर्षं दुसऱ्यांची पोरं आणली. आज आपलं.”

“पोरगं बी घरी आण म्हंजे झालं,” आक्का म्हणाली.

ट्रॅकवर गाड्यांचा आवाज असा, की छातीतली हाडं थरथरावीत. राजवीरची गाडी एकट्यानं बसायची, वरनं उघडी, चाकं अंगाबाहेर. राजवीर आत बसला तेव्हा त्याचं पांढरं हेल्मेट तेवढं वर दिसत होतं. आक्कानं कुंकवाचं बोट त्याच्या कपाळाला लावायला नेलं, तर काच मध्ये आली. कुंकू हेल्मेटच्या हनुवटीवरच्या भागाला लागलं. बाळासो, त्यांचा मेकॅनिक, फडकं घेऊन पुसायला निघाला.

“ऱ्हाऊ दे की,” राजवीर आतनं म्हणाला.

तेवढ्यात पलीकडच्या शेडमधनं जोतीराम आला. दोन बोटं अजून वाकडीच. आपल्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो म्हणाला, “काय पावणं, आज कुणाचं डोस्कं न्यायचं ठरलंय?”

“आज घरचंच हाय,” विजयसिंह म्हणाला. “तुमच्याकडचं मागंच नेलंय. लई हलकं निघालं.”

“चोराला वजन काय कळतंय?”

पुढचं कुणाला नीट दिसलंच नाही. विजयसिंहानं जोतीरामची गचांडी धरून त्याला टायरांच्या ढिगावर आपटला. जोतीरामनं खालनं लाथ घातली ती नेमकी दुखऱ्या गुडघ्यावर. विजयसिंह कळवळला आणि कळवळतच त्यानं डोक्यानं डोकं फोडलं. टायर घरंगळले, कुणाचा तरी चहा सांडला, पोरं ओरडायला लागली. आक्कानं भावाचा शर्ट मागनं धरून अशी ओढ दिली, की बटणं तुटून उडाली.

“लाज वाटंना व्हय रं? पोरगं गाडीत बसलंय!”

जोतीरामनं कपाळावरचं रक्त तळव्यानं पुसलं. “विजयसिंह, ध्यान दिऊन आईक. आज तुझ्या पोराच्या डोक्यावरचं हेल्मेट मी ह्या हातांनी काढून न्हेतो. न्हाय न्हेलं तर कागलला परत जाणार न्हाय.”

“हात लावून दाव,” विजयसिंह म्हणाला. “मनगटापासनं काढून ठेवीन.”

दोघांच्या माणसांनी दोघांना ओढून नेलं. आक्काला वाटलं, संपलं. पण जोतीरामचं ते वाक्य विजयसिंहाच्या डोक्यात जाऊन बसलं होतं, हे तिला नंतर कळलं.

शर्यत सुरू झाली. आक्काला त्यातलं एवढंच कळत होतं, की पांढरं हेल्मेट पुढं हवं आणि निळं मागं. कधी पांढरं पुढं, कधी निळं. फेऱ्या संपत आल्या तसा दोन्ही गाड्यांमध्ये वीतभर अंतर राहिना. विजयसिंह कठड्याच्या जाळीला धरून उभा होता, आणि जाळीच्या तारा त्याच्या तळव्यात रुतल्या होत्या.

शेवटच्या वळणावरनं दोघं जोडीनं बाहेर आले. समोर सरळ रस्ता, त्याच्या टोकाला शेवटची रेघ, रेघेपाशी कठडा आणि कठड्यामागं ही सगळी माणसं. श्रेयसनं आतल्या बाजूनं नाक घातलं. राजवीरनं जागा दिली, पण एका गाडीला लागते त्याहून बोटभर कमी. श्रेयसचं पुढचं चाक राजवीरच्या मागच्या चाकात शिरलं.

राजवीरची गाडी वर गेली. आवाज न करता, जशी कुणी खालनं उचलून फेकावी. हवेतच तिनं कूस बदलली, पालथ्या अंगानं ती रेघेवरनं गेली, कठड्यावर आदळली, आणि मग तो आवाज आला. एक चाक सुटून जाळीवर येऊन बसलं. पत्रे, तुकडे, माती सगळीकडं उडाली. गाडी पुन्हा आदळली, या वेळी चाकांवर, दोनदा फिरली आणि कठड्याला टेकून थांबली. भोंग्यावरचं पोरगं सवयीनं ओरडत होतं, “चॅम्पियन! राजवीर चॅम्पियन!” आणि मग त्याला दिसलं, आणि भोंगा गप्प झाला.

श्रेयसची गाडी पुढं वाळूत रुतली होती. तो स्वतः बाहेर आला, लंगडत उभा राहिला. राजवीर बाहेर आला नाही. पांढरं हेल्मेट एका खांद्याकडं कललं होतं. उजवा हात गाडीच्या कडेवर आला होता आणि त्याची बोटं हलत होती, काहीतरी चाचपत असल्यासारखी. आक्कानं ती बोटं बघितली.

विजयसिंहानंही बघितली. पोरगं जिवंत आहे, हे त्याला दिसलं. आणि दिसल्यावर त्याचं मन लगेच दुसरीकडं गेलं. अपघात झाला की तपासणीवाले हेल्मेट जप्त करतात, वर्षभर परत देत नाहीत, हे त्याला पाठ होतं. तो कठड्यावर चढला. त्याच वेळी पलीकडनं जोतीरामही उतरत होता.

आक्काला पळायची सवय नव्हती. बाळासोच्या हातात जॅकचा लोखंडी दांडा होता, तो तिनं हिसकावून घेतला. का घेतला, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. आयुष्यभर तिनं भावाला शब्दांनी अडवायला बघितलं होतं आणि शब्दांनी तो कधी अडला नव्हता, एवढं तिला ठाऊक होतं. कठड्याच्या फटीतनं ती अंग चोरून गेली. लुगडं खिळ्याला अडकून टर्रकन फाटलं.

जोतीरामनं धावता धावता आपल्या पोराकडं बघितलं. तो उभा आहे म्हटल्यावर तिकडं न जाता तो राजवीरच्या गाडीपाशी गेला, मागच्या बाजूनं ओणवा झाला आणि दोन्ही तळव्यांमध्ये त्यानं ते हेल्मेट धरलं. घट्ट, पण न हलवता. “हलू नको पोरा,” तो म्हणत होता. “डोळं उघडं ठेव. आला डॉक्टर. हलू नको.”

विजयसिंहाला काय दिसलं? जोतीरामचे दोन हात, आणि त्या हातांत आपल्या पोराचं हेल्मेट.

पहिली बुक्की जोतीरामच्या कानाखाली बसली. तो हेलपाटला, पण हात सोडले नाहीत. “अरं मान!” तो ओरडला. “मान हाय त्याची!”

दुसरी बुक्की नाकावर. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आक्काला लांबनं ऐकू आला. रक्ताची चिळकांडी पांढऱ्या हेल्मेटवर उडाली. जोतीराम डोळे मिटून, दात खाऊन तसाच ओणवा राहिला. मारायचं असतं तर त्याला हात मोकळे करावे लागले असते, आणि हात मोकळे केले असते तर राजवीरची मान कलंडली असती. तो मार खात राहिला. झेंडेवाली दोन पोरं विजयसिंहाच्या दंडाला लोंबकळली. एकाच्या तोंडावर कोपर बसलं, तो ओठ धरून खाली बसला. दुसऱ्याला त्यानं पोत्यासारखा झुगारला. तिसरा ठोसा जोतीरामच्या बरगडीत गेला आणि जोतीराम एकदाचा कोसळला.

“विजा!” आक्का धावता धावता ओरडत होती. “विजा, हात लावू नको! हात लावू नको रं!”

पण विजयसिंहाचे हात हेल्मेटपाशी पोचले होते. हनुवटीखालचा पट्टा त्यानं एका झटक्यात सोडला, इतक्या वर्षांची सवय. मग दोन्ही तळवे दोन्ही बाजूंना लावून त्यानं ओढलं.

राजवीर किंचाळला. ते माणसाचं किंचाळणं वाटत नव्हतं. कडेवर हलणारी बोटं एकदम थांबली.

आक्कानं दांडा दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि भावाच्या उजव्या हातावर घातला. वाळलेली शेवग्याची फांदी मोडावी तसा आवाज झाला. विजयसिंहानं आपल्या हाताकडं बघितलं. कोपराखाली तो भलत्याच ठिकाणी वाकला होता. त्याला ते समजलं नसावं, कारण डावा हात अजून हेल्मेटवर होता आणि तो परत ओढायच्या बेतात होता. आक्कानं दुसरा तडाखा खांद्यावर हाणला, तिसरा त्या दुखऱ्या गुडघ्यावर. तो खाली बसला. आक्का त्याच्या आणि गाडीच्या मध्ये उभी राहिली, दांडा वर धरून, फाटलेल्या लुगड्यानं, आणि असं ओरडली की तिकडच्या प्रेक्षकांतनंही ते ऐकू गेलं:

“पुढं आलास तर डोस्कं फोडीन! माझ्या आईची आन, फोडीन!”

मग मागं वळून न बघता ती म्हणाली, “पावणं, धरा की. धरा त्याला. मी हाय हितं.”

जोतीराम गुडघ्यांवर सरकत आला. नाकातनं रक्ताची धार लागली होती. त्यानं परत दोन्ही तळवे हेल्मेटला लावले आणि डॉक्टर येईपर्यंत ते काढले नाहीत. विजयसिंह जमिनीवर बसून मोडक्या हाताकडं आणि बहिणीकडं आळीपाळीनं बघत राहिला. “आक्का,” तो म्हणाला, “तू मला मारलंस.”

“व्हय,” आक्का म्हणाली. “अजून मारीन.”

डॉक्टरांनी हेल्मेट करवतीनं कापून काढलं.

राजवीरच्या मानेचं ऑपरेशन झालं. तो वाचला. पाय हलत होते, डावा हात हलत होता. उजवा हात खांद्यापासनं खाली गेलेला. उचलून ठेवावा तिथं तो पडून राहायचा. कधी येईल, येईल की नाही, डॉक्टर सांगेनात. त्यांनी एकच विचारलं, “हेल्मेट कुणी ओढलं होतं का?” आक्कानं सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, आदळण्यानं किती झालं आणि ओढण्यानं किती, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही.

विजयसिंहाचा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. तो दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसून राहायचा. पोराच्या खोलीत गेला नाही. पाहुणे येत, राजवीरला बघत, आणि जाताना आक्काकडं चोरून बघत. बहिणीनं सख्ख्या भावाचा हात मोडला, ही गोष्ट सगळ्या शाहूपुरीत झाली होती. एक चुलती तोंडावरच म्हणाली, “धोंडे, ज्याला ववाळायचं त्याच्यावरच हात उचललास?”

“उचलला,” आक्का म्हणाली. “थोडा उशिरा उचलला, एवढंच चुकलं. बसा, च्या घ्या.”

एका दुपारी जोतीराम आला. नाकावर पट्टी, डोळ्यांखाली काळं-निळं, बरगड्या आवळून बांधलेल्या. विजयसिंह बाकड्यावरनं उठला. व्हरांड्यातली माणसं सरकून भिंतीला लागली. जोतीराम चालत चालत त्याच्यासमोर आला आणि त्यानं विजयसिंहाच्या थोबाडीत अशी लगावली, की आतली नर्स बाहेर धावत आली.

विजयसिंहाचा डावा हात मोकळा होता. तो वर आला नाही.

“मार की,” जोतीराम म्हणाला. “मार!”

विजयसिंह उभाच राहिला. जोतीरामनं परत हात उगारला, तो हवेतच थांबला, आणि मग तो त्याच बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. बरगड्या दुखत असाव्यात. तो तोंडानं श्वास घेत होता. “माझ्या पोराला रात्री झोप लागंना,” थोड्या वेळानं तो कुणाकडंही न बघता म्हणाला. “म्हणतोय, माझं चाक लागलं.” उठताना त्यानं सोबत आणलेले दोन नारळ आक्काच्या हातात दिले आणि गेला.

तो गेल्यावर विजयसिंह आक्काला म्हणाला, “मी एकदाच वढलं.”

“व्हय.”

“त्यानं झालं का?”

“डॉक्टर सांगत्यात की, कळायचं न्हाय म्हणून.”

“डॉक्टर तिथं नव्हतं. तू हुतीस. तू सांग.”

नाही म्हणायला काय लागतं? एक शब्द. तेवढ्यानं भावाचं पुढचं आयुष्य जरा उजेडात गेलं असतं. आक्कानं त्याच्याकडं बघितलं. दाढी वाढलेली, एका गालावर जोतीरामची बोटं उमटलेली. लहानपणी बापाचा मार खाऊन हा असाच तिच्यापाशी येऊन बसायचा आणि माझं चुकलं का म्हणून विचारायचा, आणि ती न्हाय रं म्हणायची. दर वेळी म्हणायची.

“वढायच्या आधी त्याच्या उजव्या हाताची बोटं हलत हुती,” ती म्हणाली. “तू वढलंस आन् थांबली. मी बघितलंय.”

विजयसिंहानं डावा हात बाकड्याच्या लोखंडी कडेवर आडवा ठेवला.

“ह्यो बी मोड,” तो म्हणाला. “मोड आक्का. तुझ्या पाया पडतो. ह्यो बी मोडून टाक.”

तो नाटक करत नव्हता, हे आक्काला कळत होतं. आतनं नर्सनं पेजेची वाटी आणून दारातल्या स्टुलावर ठेवली होती. आक्का उठली, वाटी आणली आणि त्याच्या त्या आडव्या हातात दिली.

“ह्यो लागणार हाय. जा, त्याला भरव.”

विजयसिंहानं वाटीकडं बघितलं. “डाव्या हातानं? डाव्या हातानं कुणी घास देतंय व्हय, आक्का?”

“उजवा मी मोडलाय. त्याचा उजवा तू. आता काय उरलंय तेच वापरा दोघं.” तिनं त्याला काखेत हात घालून उभं केलं आणि खोलीच्या दारातनं आत ढकललं. ती स्वतः उंबऱ्यावर थांबली.

राजवीर उशाला टेकून बसवलेला होता, मानेभोवती हनुवटीपर्यंत पट्टा. त्यानं बापाला बघितलं आणि डोळे खिडकीकडं वळवले. मान वळवता येत नव्हती. विजयसिंहानं वाटी पोटाशी धरून मोडक्या हाताच्या झोळीत टेकवली, चमचा भरला, तोंडापाशी नेला. राजवीरनं ओठ मिटून घेतले. पेज हनुवटीवरनं पट्ट्यावर ओघळली. विजयसिंहानं ती बाहीनं पुसली. दुसरा चमचाही तसाच गेला.

“आत्या,” राजवीर दात आवळून म्हणाला, “तू दे.”

“मी न्हाय,” आक्का दारातनं म्हणाली. “भूक लागली असंल तर खाशील.”

तिसरा चमचा भरून विजयसिंह तसाच धरून उभा राहिला. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी राजवीरच बोलला, खिडकीकडं बघतच.

“लई वर धरताय. माझी मान वर हुईत न्हाय.”

कॉटशेजारी खुर्ची नव्हती. विजयसिंहानं इकडं तिकडं बघितलं, मग दात खाऊन दुखऱ्या गुडघ्यावर हळूहळू फरशीवर टेकला, आणि चमचा पोराच्या ओठांच्या खाली आणून धरला.